विकास आराखड्यावर हरकत: कधी, कुठे आणि कशी

शेजारच्या मोकळ्या भूखंडाभोवती पत्रे ठोकले जातात, फलक लागतो आणि सोसायटीच्या बैठकीत पहिला प्रश्न येतो, "आपल्याला कोणी विचारले कसे नाही?" कायद्याचे उत्तर सोपे आहे आणि चीड आणणारेही. विचारले होते, पण कित्येक वर्षांपूर्वी, राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रातल्या बारीक टायपाच्या जाहिरातीत. महाराष्ट्रात शहरातल्या जमिनीचे काय करायचे यावर लोकांचे म्हणणे ऐकले जाते ते आराखडा बनवताना आणि आराखड्यात फेरबदल करताना. आराखड्यात बसणाऱ्या एखाद्या इमारतीला परवानगी देताना शेजाऱ्यांची सुनावणी होत नाही. म्हणून "आमचा या इमारतीला विरोध आहे" असे शंभर सह्यांचे निवेदन नगररचना विभागात दिले, तरी बहुतेक वेळा ते फायलीला लागते आणि तिथेच राहते.

निर्णय नेमका कोणाचा?

सगळा डोलारा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्यावर उभा आहे. बोलताना सगळे त्याला एमआरटीपी कायदा म्हणतात. अमेरिकेतल्या अनेक शहरांत कायमस्वरूपी नियोजन मंडळ असते आणि ते एकेका प्रकल्पावर जाहीर सुनावणी घेते. आपल्याकडे तसे कायमचे मंडळ नाही. आपल्याकडे असते ते 'नियोजन प्राधिकरण'. शहरात ते म्हणजे महापालिका किंवा नगरपरिषद. काही भागांत सिडको, एमआयडीसी यांसारखी विशेष प्राधिकरणे हे काम करतात. रोजचे काम नगररचना विभाग पाहतो. तिथले अधिकारी बरेचदा राज्याच्या नगररचना संचालनालयातून प्रतिनियुक्तीवर आलेले असतात.

या व्यवस्थेत शेवटचा शब्द महापालिकेचा नाही. आराखडा तयार करते महापालिका, मंजूर करते राज्य सरकारचा नगरविकास विभाग. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरनियोजन हा विषय बाराव्या अनुसूचीत पहिल्या क्रमांकावर घातला, पण मंजुरीची किल्ली मंत्रालयातच राहिली. नगरसेवकाच्या घरी हेलपाटे घालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे.

आराखड्यात असते काय

विकास आराखडा म्हणजे फक्त रंगीत नकाशा नव्हे. त्यात तीन गोष्टी एकत्र असतात. पहिली, विभाग: रहिवास, वाणिज्य, औद्योगिक, सार्वजनिक-निमसार्वजनिक, शेती किंवा हरित. रहिवास विभाग नकाशात पिवळा असतो, म्हणूनच जमिनीच्या बाजारात "यलो झोन झालाय का?" असे विचारतात. दुसरी, आरक्षणे: शाळा, उद्यान, दवाखाना, मंडई, क्रीडांगण. प्रत्येक आरक्षणाला क्रमांक असतो आणि ते कोणती संस्था ताब्यात घेऊन विकसित करणार तेही अहवालातल्या तक्त्यात लिहिलेले असते. तिसरी, रस्ते: नवीन आखलेले आणि रुंद करायचे. नकाशासोबत विकास नियंत्रण नियमावली चालते. कोणत्या विभागात काय बांधता येईल, किती उंच, चारी बाजूंनी किती जागा सोडून, हे ती सांगते. मुंबई महापालिका, एमआयडीसी, नैना (नवी मुंबई विमानतळाभोवतीचे क्षेत्र), थंड हवेच्या ठिकाणच्या नगरपरिषदा, लोणावळा, पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रे असे काही अपवाद सोडले तर राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकच नियमावली लागू आहे. तिला यूडीसीपीआर म्हणतात. मुंबईला स्वतःची वेगळी नियमावली आहे.

नकाशा वाचताना सर्वांत जास्त फसवते ते प्रमाण. समजा नकाशा १:४००० चा आहे. म्हणजे कागदावरचा १ मिलिमीटर जागेवर ४ मीटर होतो. पेनाच्या रेषेची जाडी अर्धा मिलिमीटर धरली तरी २ मीटरचा घोळ तिथेच झाला. "रस्ता माझ्या भिंतीला लागतो की नाही" हे घरातल्या झेरॉक्सवर पट्टी लावून ठरत नाही. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी आणि नगररचना विभागाकडून जागेवर रस्त्याची आखणी करून घ्यावी लागते.

आराखडा कसा पुढे सरकतो

पहिले पाऊल कलम २३ चे. प्राधिकरण "आम्ही आराखडा करणार" असा इरादा जाहीर करते. त्यानंतर कलम २५ खाली विद्यमान भूवापर नकाशा तयार होतो, म्हणजे आज जागेवर काय आहे त्याची नोंद. लोक या टप्प्याकडे पूर्ण दुर्लक्ष करतात, आणि पुढच्या निम्म्या भानगडींचे मूळ इथेच सापडते. ज्या भूखंडावर तीस वर्षे जुनी, परवानगी असलेली सोसायटी आहे तो या नकाशात 'मोकळी जागा' म्हणून नोंदला गेला, तर आराखडा करणाऱ्याला तिथे उद्यान टाकावेसे वाटणारच. दोष त्याच्या हेतूत नसतो, त्याच्या हातातल्या कागदात असतो. मुंबईत हे मोठ्या प्रमाणात दिसले. २०३४ पर्यंतच्या आराखड्याचा २०१५ च्या सुरुवातीला जाहीर झालेला मसुदा चुकांनी इतका भरलेला होता की राज्य सरकारने तो दुरुस्तीसाठी परत पाठवला. सुधारित मसुदा मे २०१६ मध्ये आला आणि मंजुरी २०१८ मध्ये मिळाली.

भूवापर नकाशानंतर प्रारूप आराखडा बनतो आणि कलम २६ खाली प्रसिद्ध होतो. सामान्य माणसाचा खरा दिवस हाच. राजपत्रात सूचना आल्यापासून हरकती व सूचना देण्याची मुदत सुरू होते. ती साधारणपणे ३० दिवस असते, मोठ्या महापालिकांना ६० दिवस. नेमकी तारीख सूचनेतच लिहिलेली असते. नकाशे महापालिकेत पाहायला मांडलेले असतात, प्रती शुल्क भरून मिळतात, हल्ली संकेतस्थळावरही टाकतात. संकेतस्थळावरचा नकाशा पुसट असेल तर तक्रार करत दिवस घालवू नका. त्या भागाची छापील प्रत विकत घ्या. हरकतीला तीच जोडायची आहे.

मुदत संपली की कलम २८ ची नियोजन समिती बसते. आपल्याकडे 'मंडळ' म्हणता येईल अशी गोष्ट हीच, पण ती तात्पुरती. स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगरनियोजन किंवा पर्यावरणाची जाण असलेले, बाहेरून नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ, असे मिळून सात. ज्यांनी लेखी हरकत दिली आहे त्यांना ही समिती बोलावते, ऐकते आणि अहवाल देते. २०२२ पासून कित्येक महापालिकांत निवडणुका रखडून प्रशासक बसला होता. त्या काळात स्थायी समिती आणि सर्वसाधारण सभा या दोन्हींचे अधिकार एकाच अधिकाऱ्याच्या हातात आले. महापालिकेचा प्रस्ताव आणि त्यावरची महापालिकेचीच तपासणी यांच्यातले अंतर त्यामुळे जवळपास उरले नाही.

समितीचा अहवाल प्राधिकरणाला बंधनकारक नसतो. प्राधिकरण त्यावर विचार करून बदल करते आणि आराखडा सरकारकडे पाठवते. कलम ३१ खाली सरकार तो जसाच्या तसा, बदल करून किंवा भागाभागाने मंजूर करते. सरकारला मोठे बदल करायचे असतील, उदाहरणार्थ आधी मोकळ्या असलेल्या जमिनीवर नवा रस्ता किंवा आरक्षण आणायचे असेल, तर तेवढा भाग पुन्हा प्रसिद्ध करून पुन्हा हरकती मागवाव्या लागतात. मंजुरीतून अशा वगळलेल्या भागांना ईपी ('एक्सक्लुडेड पार्ट') क्रमांक मिळतो. "आराखडा मंजूर झाला" ही बातमी वाचून नि:श्वास टाकणारे लोक हे विसरतात की त्यांचा भूखंड ईपी यादीत असू शकतो. यादी राजपत्रातल्या अधिसूचनेला जोडलेली असते. ती पाहिल्याशिवाय मंजुरी धरून चालू नये.

हा प्रवास किती लांबतो याचे उदाहरण पुण्याच्या जुन्या हद्दीचे. २०१३ च्या प्रारूप आराखड्यावर ८० हजारांहून जास्त हरकती आल्या. नियोजन समितीत एकमत झाले नाही. मार्च २०१५ मध्ये राज्य सरकारने आराखडा आपल्या ताब्यात घेऊन विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मंजुरी आली जानेवारी २०१७ मध्ये. एवढ्या काळात जमीन मालकाची अवस्था त्रिशंकूसारखी होते, कारण कलम ४६ प्रमाणे परवानगी देताना केवळ प्रसिद्ध झालेला, मंजूर न झालेला आराखडासुद्धा विचारात घ्यावा लागतो.

हरकत लिहायची कशी

हजारोंच्या ढिगाऱ्यात आपली हरकत वाचली जावी असे वाटत असेल, तर ती वाचणाऱ्याचे काम सोपे करा. पहिल्या चार ओळींत गाव किंवा पेठ, सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर, नकाशाचा भाग क्रमांक आणि आरक्षणाचा क्रमांक किंवा रस्त्याची रुंदी हे सगळे आले पाहिजे. त्यानंतर एका वाक्यात काय दाखवले आहे, दुसऱ्या वाक्यात काय करून हवे आहे. "आरक्षण रद्द करावे" ही मागणी मोघम. "आरक्षण अमुक हिस्स्यातून वगळून लगतच्या तमुक सर्व्हे नंबरमधल्या शासकीय जमिनीवर सरकवावे" ही मागणी समिती चर्चेला घेऊ शकते. शेवटी एक ओळ हवीच: "मला प्रत्यक्ष सुनावणीची संधी द्यावी."

कारणे कोणती टिकतात? मंजूर रेखांकन (लेआउट) किंवा बांधकाम परवानगी आधीपासून असताना आराखड्यात ती विचारात घेतलेली नाही. रस्त्याची रेषा परवानगी असलेल्या इमारतींवरून जाते आणि शेजारी मोकळी जागा असताना वाकडी फिरवली आहे. त्याच परिसरात तशीच सुविधा आधीच उभी आहे, म्हणून लोकसंख्येच्या निकषाप्रमाणे दुसरीची गरज नाही. उतार, नाला किंवा पूररेषेमुळे त्या जागी तो वापर होऊच शकत नाही. जुन्या आराखड्यात हेच आरक्षण सरकारी जमिनीवर होते आणि नव्यात ते कारण न देता खासगी जमिनीवर आले आहे. प्रत्येक कारणामागे कागद हवा: परवानगीची प्रत, मंजूर रेखांकन, मोजणी नकाशा, तारखेसह फोटो, जुन्या आराखड्याचा भाग नकाशा.

टिकत नाही ते म्हणजे "माझे नुकसान होते". खासगी जमीन आरक्षित झाली की मालकाचे नुकसान होणार हे कायद्याने गृहीतच धरले आहे, त्यासाठीच भरपाईची तरतूद आहे. एकाच मजकुराचे पाचशे छापील अर्ज राजकीय दबाव आणतात यात शंका नाही, पण सुनावणीत ते एकत्र घेऊन काही मिनिटांत निकाली निघतात. वीस शेजाऱ्यांनी आपापल्या हिस्स्याचा वेगळा तपशील दिलेल्या वीस हरकती जास्त जड पडतात. वाढीव हिरवाई हवी, क्रीडांगण जाऊ नये, टेकडीवर बांधकाम नको, अशा सार्वजनिक मागण्या करायला त्या जमिनीचा मालक असण्याची गरज नाही. कोणीही हरकत देऊ शकतो.

हरकत दिल्यावर आवक शिक्का आणि क्रमांक असलेली पोच घ्या. ऑनलाइन दिली असेल तर पावती छापून ठेवा. पुढे न्यायालयात जायची वेळ आली तर पहिला प्रश्न येतो की मुदतीत हरकत घेतली होती का. सुनावणीला फार तर पाच-दहा मिनिटे मिळतात. तिथे लेखी म्हणण्याची दुसरी प्रत आणि एक मोठा नकाशा घेऊन जा, आणि समितीपुढे नवी मागणी उकरून काढू नका.

मंजुरीनंतरचा मागचा दरवाजा

आराखडा साधारण वीस वर्षांसाठी असतो, पण तो गोठलेला नसतो. कलम ३७ खाली प्राधिकरण स्वतःहून किंवा सरकारच्या सांगण्यावरून त्यात किरकोळ फेरबदल करू शकते: हरित पट्ट्यातला तुकडा रहिवासात घेणे, आरक्षणाचा प्रकार बदलणे, रस्ता सरकवणे. आराखड्याचे मूळ स्वरूप बदलू नये एवढी अट आहे. यासाठीही राजपत्रात सूचना, एक महिन्याची मुदत, सुनावणी आणि सरकारची मंजुरी लागते. फरक एवढाच की आराखड्याच्या वेळी गावभर चर्चा असते आणि कलम ३७ ची जाहिरात तीन-चार परिच्छेदांची, एका सर्व्हे नंबरपुरती. तिच्यावर हरकती शून्य किंवा दोन येतात. आपल्या परिसरातले क्रीडांगण वाचवायचे असेल तर दर पाच वर्षांनी जाहीरनामे वाचण्यापेक्षा या जाहिराती वाचणे जास्त उपयोगाचे.

रस्त्यांसाठी आणखी एक वाट आहे. मुंबईबाहेरच्या महापालिकांना लागू असलेल्या महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली रस्त्याची नियमित रेषा ठरवता येते. पुण्यात २०२० मध्ये सहा मीटरचे कितीतरी रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव याच वाटेने आला. तीन मीटरसाठी एवढा आटापिटा कशाला, हे पुढच्या हिशेबात कळेल.

परवानगीच्या टेबलावर

जमीन मालक वास्तुविशारद किंवा परवानाधारक अभियंत्यामार्फत कलम ४४ खाली अर्ज करतो. सोबत सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा, मंजूर रेखांकन, इमारतीचे नकाशे, आणि इमारत मोठी असेल तर अग्निशमन विभागाचा ना-हरकत दाखला. छाननीत अधिकारी विभाग, आरक्षण, रस्त्याची रुंदी, सोडायची मोकळी जागा, वाहनतळ आणि चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे एफएसआय (भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येते तो आकडा), तपासतो. ६० दिवसांत उत्तर आले नाही तर कायद्याने परवानगी मिळाली असे मानले जाते. पण प्रस्ताव नियमांत तंतोतंत बसत असेल तरच. या 'मानीव' परवानगीच्या भरवशावर खोदाई सुरू करणाऱ्यांपैकी अनेकांना पुढे पाडकामाची नोटीस आली आहे, कारण नियमात एक गोष्ट जरी बसली नाही तर परवानगी कधी नव्हतीच असे ठरते. छोट्या घरांसाठी यूडीसीपीआरमध्ये सोपी पद्धत आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर ठरावीक उंचीचे घर असेल, तर परवानाधारक तज्ज्ञाने प्रमाणित केलेले नकाशे दाखल करून शुल्क भरल्याची पावती पुरते.

आता एफएसआय. महापालिका हद्दीत, दाट जुनी वस्ती सोडून, यूडीसीपीआरमध्ये मूळ निर्देशांक १.१० आहे. त्यावर अधिमूल्य (प्रीमियम) भरून आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरून हस्तांतरित होणारा बांधकाम हक्क) विकत घेऊन किती चढवता येईल हे भूखंडासमोरचा रस्ता ठरवतो. रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर काहीच नाही. ९ ते १२ मीटरला एकूण २.००, १२ ते १५ ला २.२५, १५ ते २४ ला २.५०, आणि ३० मीटर व त्यापुढे ३.००. या आकड्यावर निवासी इमारतीला ६० टक्क्यांपर्यंत पूरक क्षेत्र अधिमूल्य भरून मिळते. जिने, लिफ्ट, बाल्कनी वगैरे पूर्वी मोजणीबाहेर ठेवायचे, ते आता यात येतात.

५०० चौरस मीटरचा भूखंड घ्या. समोर ७ मीटरचा रस्ता असेल तर ५५० आणि पूरक ३३०, एकूण ८८० चौरस मीटर बांधकाम. समोर १२ मीटरचा रस्ता असेल तर १,१२५ आणि पूरक ६७५, एकूण १,८०० चौरस मीटर. जमीन तीच, बांधकाम दुपटीहून जास्त. सहाचा रस्ता नऊ करण्यात रस का असतो त्याचे उत्तर हे आहे, आणि नव्या आराखड्यात तुमच्या गल्लीवर रुंदीकरणाची रेषा आली तर केवळ कुंपण जाते असे समजू नये. दोन्ही बाजूंच्या इमारतींची संभाव्य उंचीही बदलते.

परवानगी नाकारली किंवा जाचक अट घातली तर अर्जदार कलम ४७ खाली ४० दिवसांत राज्य सरकारकडे अपील करू शकतो. अपील अर्जदाराचे, शेजाऱ्याचे नव्हे. शेजाऱ्याच्या हातात तपासणी उरते. प्रकल्प ५०० चौरस मीटरहून मोठ्या जमिनीवर आणि आठपेक्षा जास्त सदनिकांचा असेल तर महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर मंजूर नकाशा आणि प्रारंभ प्रमाणपत्र सापडते. नसेल तर १० रुपये शुल्कासह माहिती अधिकाराचा अर्ज. मग फीत घेऊन बाजूची मोकळी जागा मोजा आणि मजले मोजा. "आमचा उजेड अडतो" या तक्रारीवर कोणी हलत नाही. "मंजूर नकाशात बाजूचे अंतर इतके, जागेवर इतके, सोबत फोटो" या तक्रारीवर बेकायदा बांधकामाबद्दलची कलम ५३ ची नोटीस काढणे अधिकाऱ्याला भाग पडते, आणि काढली नाही तर उच्च न्यायालयात दाखवायला कागद तयार असतो.

गोव्यात थोडे वेगळे

गोव्यात नगर व ग्रामनियोजन अधिनियम १९७४ चा आणि सर्वांत जास्त वजन प्रादेशिक आराखडा २०२१ ला. तिथे २०२३ मध्ये कलम १७(२) आले. आराखड्यातल्या नजरचुका दुरुस्त करण्याच्या नावाखाली एकेका भूखंडाचा विभाग बदलण्याची सोय त्यातून झाली, आणि लोकांच्या हरकतींना त्यात जागा नव्हती. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालचे नियम रद्द केले आणि कलमाची व्याप्ती आकसून टाकली. आराखड्याला वळसा घालून भूखंडागणिक बदल करण्याचा मोह फक्त एका राज्याचा नाही.

जागा घेण्याआधी

झोन दाखला आणि भाग नकाशा हे दोन वेगळे कागद आहेत. दोन्ही घ्या. दाखला सर्व्हे नंबरचा विभाग सांगतो. पण एकाच सर्व्हे नंबरमधून विभागाची रेषा जात असेल तर दाखल्यावर "अंशतः रहिवास, अंशतः शेती" असे येते, आणि विकणारा पहिले दोनच शब्द मोठ्याने वाचतो. तुमचा हिस्सा कोणत्या बाजूला हे मोजणी नकाशा भाग नकाशावर बसवल्याशिवाय कळत नाही. नदीकाठी आणखी एक तपासणी: पाटबंधारे खात्याच्या पूररेषा. २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती निळी रेषा, १०० वर्षांतून एकदाच्या पुराची लाल. नदी ते निळी रेषा यात नवे बांधकाम नाही. निळी आणि लाल यांच्यामध्ये जोते लाल पूरपातळीच्या ०.४५ मीटर वर ठेवून बांधता येते. झोन दाखल्यावर "रहिवास" असूनही जमीन निळ्या रेषेच्या आत असू शकते.

आरक्षणात जमीन गेली तर

आरक्षण पडले म्हणजे जमीन महापालिकेची झाली असे नाही. मालकी तुमचीच राहते, वापर अडतो. ताबा देताना कलम १२६ खाली पर्याय आहेत: रोख भरपाई, एफएसआय किंवा टीडीआर, नाहीतर २०१३ च्या कायद्याने भूसंपादन. महापालिका रोखीला टाळाटाळ करते, टीडीआर पुढे करते. यूडीसीपीआरप्रमाणे दाट वस्तीत दिलेल्या जमिनीच्या तिप्पट, बाहेर दुप्पट टीडीआर मिळतो. आकडा गोड वाटतो, पण वापरताना तो दोन्ही जागांच्या शीघ्र सिद्ध गणकातल्या (रेडी रेकनर) दरांच्या प्रमाणात बदलतो. १०,००० रुपये दराच्या जागेतून निघालेला १,००० चौरस मीटर टीडीआर ४०,००० दराच्या जागी नेला तर तिथे २५० चौरस मीटरच उरतो. विकताना सौदा याच हिशेबावर होतो.

आणि महापालिका काहीच करत नसेल तर कलम १२७. आराखडा अमलात येऊन दहा वर्षे झाली आणि जमीन संपादित झाली नाही, तर मालक मालकीच्या कागदपत्रांसह नोटीस देऊ शकतो. नोटीस मिळाल्यापासून २४ महिन्यांत संपादन झाले नाही किंवा त्यासाठी ठोस पाऊल उचलले गेले नाही, तर आरक्षण संपुष्टात येते. पूर्वी ही मुदत सहा महिने, मग बारा, आणि २०१५ च्या दुरुस्तीपासून चोवीस. 'पाऊल' कशाला म्हणायचे यावर गिरनार ट्रेडर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये स्पष्ट केले की महापालिकेचा ठराव किंवा जिल्हाधिकाऱ्यांना पाठवलेले पत्र पुरेसे नाही.

इथे चुका दोनच प्रकारच्या होतात, पण महागात पडतात. पहिली चूक नोटिशीतली: दहा वर्षे पूर्ण होण्याआधी दिलेली नोटीस निरुपयोगी ठरते, आणि मालकीचे कागद न जोडता दिलेल्या नोटिशीला उत्तर म्हणून महापालिका कागद मागत बसते. दुसरी चूक वाट पाहण्याची. दहा वर्षे उलटूनही नोटीस दिली नाही आणि मध्येच सुधारित आराखडा येऊन तेच आरक्षण पुन्हा पडले, तर सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाप्रमाणे दहा वर्षे नव्या आराखड्याच्या तारखेपासून पुन्हा मोजायची. शहरात कलम २३ ची इरादा-सूचना निघाली आहे आणि आपले जुने आरक्षण अकराव्या-बाराव्या वर्षात आहे, असे दिसले की वकिलाकडे जायचा तो आठवडा.